सप्रेसरमुळे शिकारी रायफलची अचूकता जाते का?

‘नळीच्या तोंडाशी सप्रेसर (गोळीबाराचा आवाज कमी करणारे नळकांडे) लावला की रायफलचा नेम कायमचा बिघडतो’ असा समज शिकारी मंडळींत वर्षानुवर्षे फिरत आहे. तो निराधार वाटत नाही, कारण सप्रेसर लावल्यावर गोळी खरोखरच जुन्या जागी लागत नाही.

मात्र येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. गोळ्या कोठे लागतात हा एक प्रश्न, आणि त्या एकमेकींच्या किती जवळ लागतात हा दुसरा. अचूकता दुसऱ्यावरून ठरते. नळीच्या टोकाला वजन आले की गोळी सुटतानाचे नळीचे कंपन बदलते आणि गोळ्यांचा पुंजका थोडा सरकतो, पण सप्रेसर दर वेळी तितकाच घट्ट बसवला तर हे सरकणे बहुधा तेवढेच राहते आणि दुर्बिणीचे समायोजन करून भरून काढता येते. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये सप्रेसर लावूनच शिकार करणारे पुष्कळ आहेत.

पडताळणीसाठी 100 मीटरवर, एकाच प्रकारच्या काडतुसांनी, नळी थंड होऊ देत, सप्रेसरविना पाच आणि सप्रेसरसह पाच गोळ्या झाडाव्यात. पुंजका नुसता सरकला असेल तर दोष नाही. तो विस्कटला असेल, तर आधी सप्रेसर सैल झाला आहे का ते रायफल रिकामी करून पाहावे. तापलेल्या सप्रेसरवरून उठणाऱ्या हवेमुळे दुर्बिणीतले लक्ष्य थरथरते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. नळीवरचे आटे तिरके कापले गेले असतील, किंवा सप्रेसरच्या आत गोळी घासल्याची खूण दिसली, तर मात्र गोळीबार तत्काळ थांबवून रायफल कुशल बंदूक-कारागिराकडे द्यावी.