आतड्याचा सांधा गळतो तेव्हा

काटोलच्या माझ्या मामांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन नागपुरात व्यवस्थित पार पडलं. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "पोट फुगल्यासारखं वाटून राह्यलं." अंगात ताप, नाडी 120. आम्हाला वाटलं, गॅस असेल. सीटी स्कॅनमध्ये कळलं की आतड्याची दोन टोकं जोडली होती तिथला सांधा गळतोय.

असं झालं की नातेवाईक आधी सर्जनला दोष देतात. पण टाके नीट पडले तरी सांधा गळू शकतो. टोकांना रक्त कमी पोहोचलं, ताण आला, रुग्ण अशक्त असला किंवा बिडी-सिगारेट ओढणारा असला, की धोका वाढतो. सांधा गुदद्वाराच्या जितका जवळ, तितका जास्त. विष पोटभर पसरलं तर पुन्हा पोट उघडावं लागतं. मामांचा पू मात्र सांध्यामागच्या एका पोकळीतच अडकला होता, म्हणून गुदद्वारातून आत सोडायच्या दुर्बिणीचा मार्ग खुला राहिला.

भोक लहान आणि ताजं असेल तर दुर्बिणीतूनच जबड्यासारखी धातूची क्लिप लावता येते. पण मागे घाण साठलेली असताना तोंड बंद करणं घातक. वरून खपली धरलेली जखम आत पिकते, हे आपल्या घरोघरी माहीत आहे.

म्हणून डॉक्टरांनी भोक बुजवलं नाही, उलट त्यातूनच आत शिरले. पोकळीच्या मापाचा स्पंज कापून आत बसवला, त्याची नळी गुदद्वारातून बाहेर काढून व्हॅक्यूमच्या यंत्राला जोडली. साधारण 125 मिलिमीटर पाऱ्याइतकी ओढ सतत चालू. पू बाहेर येतो, सूज उतरते, रक्त खेळतं आणि पोकळी चहूबाजूंनी स्पंजवर आवळत जाते. दर तीन-चार दिवसांनी स्पंज बदलावाच लागतो, कारण नवं मांस त्याच्या छिद्रांत शिरून चिकटतं. काढलेल्या स्पंजवर लालभडक ठिपके दिसले, तेव्हा मामी घाबरली; डॉक्टर मात्र खूश होते. जखम जिवंत असल्याची ती खूण.

2008 मध्ये म्युनिकच्या डॉक्टरांनी अशा 29 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. 28 जणांची गळती भरून आली. वेळ मात्र लागतो, अनेकदा महिनाभर, आणि तोवर बहुतेकांच्या पोटावर मलाची पिशवी असते. मामांना त्या पिशवीचाच जास्त त्रास झाला.

यंत्राच्या डब्यात ओढून जमा होणारं पाणी आधी गढूळ, मग फिकट होत गेलं. सातव्या खेपेला डॉक्टरांनी नवा स्पंज लावलाच नाही. आत तो मावेल एवढी जागाच उरली नव्हती.