खुरपं हातात घेण्याआधी

दहा-पंधरा गुंठ्यांत मेथी, पालक, कोथिंबीर करणाऱ्याचा वेळ पेरणीत फारसा जात नाही, ठिबक असेल तर पाण्यातही नाही. तो जातो उकिडवं बसून तण काढण्यात. सातारा-कोल्हापुरात त्याला भांगलण म्हणतात, विदर्भात निंदण. कंबर दोन्हीकडे सारखीच धरते.

वेळ वाचवायचा म्हटलं की आपण आधी यंत्र बघायला धावतो. मी आधी तणाचं बी बघायला सांगेन.

१८७९ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने ओलसर वाळूत तणांच्या बिया मिसळून वीस बाटल्या भरल्या आणि जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची आणि किती बिया उगवतात ते पाहायचं. २०२१ मध्ये, म्हणजे १४२ वर्षांनी काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया उगवल्या. आपलं रान ही अशीच एक मोठी बाटली आहे. यंदा एकही तण बियाला येऊ दिलं नाही, तरी मागच्या कित्येक वर्षांची शिल्लक खाली पडलेली असते.

मग ही शिल्लक एकदम उगवत का नाही? बऱ्याच बारीक बिया उजेडाची वाट पाहतात. १९५२ मध्ये अमेरिकेतल्याच बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांनी लेट्यूसच्या बियांवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लाल प्रकाश दाखवला की बी उगवायला तयार. लगेच पाठोपाठ अवरक्ताच्या उंबरठ्यावरचा गडद लाल दाखवला की पुन्हा झोपलं. असं कितीही वेळा उलटसुलट करा, शेवटी कोणता प्रकाश पडला तेवढंच बी लक्षात ठेवतं. हा दिवा लावणारं-विझवणारं रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. हिरवी पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि गडद लाल खाली जाऊ देतात. त्यामुळे दाट पिकाखाली पडलेल्या बियाला कळतं की वर जागा नाही.

उजेड मातीत जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. म्हणजे खालचं बी वर आणून त्याला ऊन दाखवण्याचं काम आपणच करतो, वखर आणि खुरपं घेऊन. जर्मनीत १९९० च्या सुमारास काहींनी रात्री नांगरून पाहिलं, तण कमी आलं. पुढे इतरांना दर वेळी तसा गुण आला नाही, आणि बॅटरीविना रात्री रानात हिंडायला मी कुणाला सांगणार नाही.

त्यापेक्षा सोपी युक्ती आहे, फसव्या वाफ्याची. गादीवाफा पेरणीसारखा तयार करायचा, पाणी द्यायचं आणि पेरायचंच नाही. आठ-दहा दिवसांत वरच्या थरातलं तण हिरवंगार उगवतं. वाफसा आला की धारदार पात्याने वरची इंचभर माती खरवडून ते मारायचं आणि मगच मेथी टाकायची. तण म्हणून उगवणाऱ्या माठाचं बी एका ग्रॅममध्ये हजारावर भरतं. एवढ्याशा बियात शिदोरी किती असणार? खोल गेलेलं बी वर येता येता संपून जातं. त्यामुळे एकदा वरचा थर रिकामा झाला की पीक पान पसरेपर्यंत तरी सवड मिळते.

पहिल्या वर्षी मी तण उगवू दिलं आणि मग उत्साहाने कुदळीने वीतभर माती पालथी केली. खालची सगळी शिल्लक वर. दहा दिवसांची वाट फुकट गेली आणि भांगलण दुप्पट झाली.

पेरणीनंतर मात्र अवजार लागतंच. सायकल कोळपं आता गावोगावचे वेल्डर बनवून देतात. जळगाव जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जुन्या सायकलचं पुढचं चाक वापरून केलेलं कोळपं तर देशभर नावाजलं गेलं. चाकावर वजन, पातं जमिनीखाली अंगठ्याएवढं, आणि माणूस उभा. पण त्याला एक अट आहे, ओळी सरळ आणि अंतर एकच. फोकून पेरलेल्या मेथीत ते निरुपयोगी. दोरी धरून सगळ्या पिकांना एकच अंतर ठेवलं, तर पातं पुन्हापुन्हा बदलावं लागत नाही. कानशीने धार लावायला पाच मिनिटं जातात, बोथट पात्यापायी तासभर जातो.

तण दोऱ्याएवढं असताना, उन्हाच्या वेळी कोळपावं. तासाभरात सुकतं. घोळ मात्र दाद देत नाही. पाण्याचा ताण पडला की तो निवडुंगासारखा दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतो आणि रात्री हवा घेतो. म्हणून उपटून बांधावर टाकला तरी दिवसेंदिवस हिरवा राहतो, ओल मिळाली की तुकड्यालाही मुळं फुटतात. तो पाटीत भरून बाहेर न्यावा, नाहीतर घरी भाजी करावी. आमच्याकडे भाजीच होते.

काढणीसाठी एकच सांगतो, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा. त्याची धार दातेरी असल्यामुळे तो करवतीसारखा कापतो, देठ निसटत नाही. पालकाचे दोन-तीन तोडे घेणाऱ्याला त्याचं मोल कळतं.

टोमॅटो-मिरचीला चंदेरी-काळा मल्चिंग पेपर चांगला. खालची काळी बाजू उजेड अडवते, वरची चंदेरी मावा आणि फुलकिड्यांना बिचकवते. फक्त रानात लव्हाळा नसावा. त्याचा सुईसारखा कोंब कागद भोकसून वर येतो. त्याला ना फसवा वाफा लागू पडतो, ना कोळपं, कारण तो बियावर नाही, जमिनीखालच्या गाठींच्या माळेवर जगतो. वरून कापला की गाठ नवा कोंब पाठवते. त्या गाठी एकेक करून उकरायला अजून खुरपंच लागतं.