लेझरला कळतो तो फक्त रंग

हनुवटीवरचे केस लेझरने काढायचे ठरवलं की क्लिनिकमधून एक सूचना हमखास मिळते: आदल्या दिवशी शेव्ह करून या, पण वॅक्सिंग आणि थ्रेडिंग काही आठवडे बंद. ऐकायला उलटंच वाटतं. पण लेझरच्या प्रकाशाला केस ओळखता येत नाही, ओळखता येतो तो केसातला मेलॅनिन हा गडद रंग. रंगाने प्रकाश शोषला की उष्णता तयार होते आणि ती मुळाशी, नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत पोचते. केस आधीच उपटला असेल तर शोषायला रंगच उरत नाही. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही तोही याचमुळे.

पहिला लेझर १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून चालवून दाखवला आणि काही वर्षांतच लिऑन गोल्डमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी तो त्वचेवर वापरून पाहिला. अडचण एकच होती, नको ते ऊतकही भाजायचं. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी तोडगा मांडला. प्रकाशाची तरंगलांबी अशी निवडा की लक्ष्य ती शेजाऱ्यापेक्षा जास्त शोषेल, आणि झोत इतका थोडा वेळ टाका की उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत संपेल. गरम वाटीपेक्षा गरम पातेलं उशिरा निवतं, तसंच इथेही आहे. केसाचं मूळ त्या मानाने जाड, म्हणून त्याला काही मिलिसेकंदांचा झोत लागतो. गोंदणाच्या शाईचे कण अतिसूक्ष्म, त्यांना नॅनोसेकंदांचा पुरतो. जन्मखुणेतल्या लाल रक्तवाहिन्यांसाठी ५९५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतात, कारण तिथे हिमोग्लोबिन तो शोषतं.

आता आपल्याकडची खरी गोम. सावळ्या त्वचेत, वरच्याच थरात, भरपूर मेलॅनिन असतं. केसाकडे निघालेला प्रकाश वाटेतच अडतो आणि भाजते ती त्वचा. फोड येतात, मग महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग. ६९४ नॅनोमीटरचा रुबी लेझर म्हणूनच गोऱ्या कातडीपुरता राहिला. ७५५ चा अलेक्झांड्राइटही सावळ्या त्वचेवर जपूनच वापरावा लागतो. १०६४ चा एनडी-याग लेझर मेलॅनिन कमी शोषतं आणि तो खोलवर जातो, म्हणून गडद त्वचेला तो सर्वांत सुरक्षित. अर्थात फुकट काही मिळत नाही. तो केसातही कमीच शोषला जातो, त्यामुळे बारीक केसांवर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही.

पार्लरमध्ये ‘लेझर’ म्हणून विकलं जाणारं यंत्र बऱ्याचदा आयपीएल असतं. हा लेझर नव्हेच. एका दिव्याचा, अनेक तरंगलांबींचा लखलखाट फिल्टर लावून त्वचेवर सोडतात. अनुभवी हातात तो उपयोगी आहे, पण सावळ्या रंगावर त्याचं गणित चुकायला वेळ लागत नाही. मशीन कुठल्या देशाचं, हे विचारण्यापेक्षा तरंगलांबी किती आणि आधी छोट्या जागेवर चाचणी करणार का, हे विचारलेलं बरं.

पॅकेजच्या जाहिरातीत ‘कायमचे’ हा शब्द सर्रास असतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मान्य केलेला दावा केस कायमचे कमी होण्याचा आहे, समूळ जाण्याचा नाही. कुठल्याही वेळी काही केस वाढीच्या अवस्थेत असतात, बाकीचे विश्रांतीत, आणि लेझर नीट लागू पडतो तो वाढणाऱ्यांवरच, म्हणून सिटिंग अनेक लागतात. पीसीओएस हा अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा विकार असेल तर हार्मोन्स नवे केस पिकवतच राहतात. उपचार तिकडेही हवा. आणि जबड्याखालच्या कोवळ्या लवेवर लेझर मारल्यावर कधीकधी केस उलट वाढतात, हे पॅकेज विकताना कुणी सांगत नाही.

वांग, म्हणजे चेहऱ्यावरचे तपकिरी डाग, मात्र या सगळ्यापेक्षा हट्टी. रंग आहे म्हणजे लेझरने जाईल, हा तर्क इथे फसतो. रंगाचे कण फुटतात, पण ते बनवणाऱ्या पेशी उष्णतेने आणखी चिडतात आणि काही आठवड्यांत डाग पूर्वीपेक्षा गडद होऊन परत येतो. म्हणून बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ आधी क्रीम आणि सनस्क्रीन देतात, लेझर शेवटी. त्यातही सनस्क्रीन लोह ऑक्साइडचं, म्हणजे किंचित रंगीत असलेलं बरं, कारण वांग गडद करायला अतिनील किरणांच्या जोडीने उन्हातला साधा, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही हातभार लावतो आणि पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.