गॅरेजचा धारणाधिकार

दुरुस्तीचे पैसे चुकते होईपर्यंत ग्राहकाची गाडी ताब्यात ठेवण्याचा गॅरेजमालकाचा हक्क. भारतात तो भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० मधून येतो. सोपवलेल्या वस्तूवर ठरलेल्या कामासाठी श्रम किंवा कौशल्य वापरले असेल आणि करारात वेगळे ठरले नसेल, तर योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू रोखता येते. कायद्यातले उदाहरण पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचे आहे. १८७२ साली मोटार कुठून असणार! दुसरे उदाहरण शिंप्याचे: कोट शिवून होताच देण्याचे कबूल करून पैशांसाठी तीन महिन्यांची उधारी दिली, तर कोट अडवता येत नाही. उधारीवर काम घेणाऱ्या गॅरेजलाही हेच लागू पडते.

हा हक्क त्या कामाच्या बिलापुरताच असतो. ग्राहकाच्या दुसऱ्या गाडीची जुनी थकबाकी त्यात घुसडता येत नाही. गाडीचा ताबा स्वखुशीने सोडला की हक्कही संपतो, पैशांचा दावा मात्र उरतो.

खरा गोंधळ नोटिशीवरून होतो. ‘पंधरा दिवसांत गाडी न नेल्यास विकून टाकू’ असे वकिलामार्फत कळवले म्हणजे विक्रीचा अधिकार मिळाला, असा समज आहे. कलम १७० अडवून धरू देते, विकू देत नाही. म्हणून त्यात नोटिशीची मुदतही नाही. वाजवी नोटीस देऊन विकण्याची मुभा कलम १७६ देते, पण ती वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्याला. शिवाय खासगी विक्रीत मूळ मालकाच्या सहीचे फॉर्म २९ व ३० नसतील, तर आरटीओत गाडी नव्या नावावर कशी चढणार? तरीही गाडीचा क्रमांक, जॉब कार्डची तारीख आणि बिलाची रक्कम लिहून पाठवलेली नोटीस वाया जात नाही. पुढे दिवाणी दावा लावताना मागणी केल्याचा तो लेखी पुरावा ठरतो.

इंग्लंडमध्येही जुन्या न्यायतत्त्वानुसार वस्तू फक्त रोखता येई. १९७७ च्या कायद्याने न नेलेल्या मालाच्या विक्रीची वाट काढली. नोटिशीत माल कुठे ठेवला आहे, किती रक्कम देणे आहे आणि कोणत्या तारखेनंतर विक्री होईल हे लिहावे लागते. पैसे देणे असतील, तर नोटीस आणि विक्री यांत किमान तीन महिने जावे लागतात. अडवून ठेवलेल्या काळाचे जागाभाडे मागता येते का, हा वाद तिथे १८६० मध्येच एका जहाजावरून हाऊस ऑफ लॉर्ड्स या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. निकाल दुरुस्ती करणाऱ्याच्या विरोधात लागला: जहाज त्याने स्वतःच्या सोयीसाठी अडवले होते.