आयर्न बोल आणि त्यावरचा वाद

आयर्न बोल : अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील दोन विद्यापीठांच्या संघांमध्ये दरवर्षी होणारा अमेरिकन फुटबॉलचा सामना. एक संघ टस्कलूसा येथील अलाबामा विद्यापीठाचा, दुसरा ऑबर्न विद्यापीठाचा. सामना साधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला लागून होतो. खेळ साडेतीन तासांत आटोपतो, पण कोणत्या क्षणी कोणता डाव टाकायला हवा होता, कोणत्या पोराने चूक केली आणि समोरचे नशिबाने कसे जिंकले, हा वाद राज्यात बारा महिने चालू असतो. त्यातले काही वाद पन्नास वर्षांचे झाले, तरी दोन्हीकडची माणसे ते कालच्यासारखे मांडतात. या नोंदीत सामन्यापेक्षा त्या वादाचाच विचार अधिक केला आहे.

नाव व पूर्वपीठिका : ‘आयर्न’ हे नाव बर्मिंगहॅम शहरावरून आले. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचे हे शहर, आणि तिथल्या लीजन फील्ड मैदानावर 1948 ते 1988 सगळे सामने झाले. पहिला सामना मात्र त्याच्या कितीतरी आधीचा, 22 फेब्रुवारी 1893 चा. तो ऑबर्नने 32-22 असा जिंकला. 1907 चा सामना 6-6 असा बरोबरीत सुटला आणि त्यानंतर 41 वर्षे हे संघ एकमेकांशी खेळलेच नाहीत. कारण काय, तर किती खेळाडू आणायचे, त्यांना रोजचा भत्ता किती द्यायचा आणि पंच कुठून बोलवायचे, यावर एकमत होईना. भत्त्याचा एकूण फरक 34 डॉलरचा होता, असे सांगतात. शेवटी राज्याच्या विधिमंडळाने 1947 मध्ये ठराव करून दोघांना खेळण्याची विनंती केली. 1948 मध्ये सामना पुन्हा सुरू झाला, आणि दोन्ही विद्यार्थी-संघटनांच्या अध्यक्षांनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत खरोखरीची कुऱ्हाड पुरून वैर मिटल्याचे जाहीर केले. सामना अलाबामाने 55-0 असा जिंकला. वैर काही मिटले नाही.

वाद घालणारे कोण : अलाबामात व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नाही. त्यामुळे राज्याची सगळी निष्ठा या दोन विद्यापीठांकडे जाते, आणि नव्याने राहायला आलेल्या माणसाला ‘तुम्ही कुठले?’ याच्या पाठोपाठ ‘कुणाच्या बाजूचे?’ हे विचारले जाते. ऑबर्नवाले भेटल्यावर ‘वॉर ईगल’ म्हणतात, अलाबामावाले ‘रोल टाइड’. ऑबर्न किंवा टस्कलूसाला एम.एस. करायला गेलेल्या आपल्या मुलांनाही ते पहिल्याच सत्रात शिकावे लागते. चाहत्यांपैकी पुष्कळांनी त्या विद्यापीठाची पायरीसुद्धा चढलेली नसते. गॅरेजमधला मेकॅनिक, ट्रकचालक, नर्स, शेतकरी अशांना तिकडे ‘फुटपाथवरचे माजी विद्यार्थी’ म्हणतात. शब्दात हिणवणे आहे, पण या लेखकाच्या मते या वादाचा कणा हीच माणसे आहेत. पदवी नसलेला माणूस बचावफळीची रचना बघून पुढचा डाव ओळखतो, आणि त्यावर चुलतभावाशी तासभर तपशिलात बोलतो. हे ज्ञान कुठल्या वर्गात मिळालेले नाही. बापाशेजारी बसून, रेडिओ ऐकून मिळालेले आहे.

टोमण्यांतही समाजाचा इतिहास आहे. ऑबर्न मूळचे शेतकी आणि अभियांत्रिकीचे. 1960 पर्यंत त्याचे नाव अलाबामा पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट होते. त्याला ‘गाई-गुरांचे कॉलेज’ म्हणायची टस्कलूसाकडची जुनी खोड आहे. उलट ऑबर्नकडून टस्कलूसा म्हणजे वकील, राजकारणी आणि मिजास असे चित्र रंगवले जाते.

प्ले-कॉलिंग : आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत, म्हणजे ‘डाउन’मध्ये, दहा यार्ड (सुमारे नऊ मीटर) पुढे सरकायचे असते. जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, आणि पुढच्या वेळी चेंडू घेऊन पळायचे की फेकायचे, कोणी कोणत्या वाटेने धावायचे, हे बाहेरून सांगितले जाते. ते सांगणे म्हणजे प्ले-कॉलिंग. हे काम मुख्य प्रशिक्षक किंवा त्याचा आक्रमण-समन्वयक करतो. तो कधी सीमारेषेवर उभा असतो, तर कधी वर काचेच्या खोलीत कानाला हेडसेट लावून बसलेला असतो. डाव मैदानात पोचवायला हातवारे आणि चित्रांचे मोठे फलक वापरत. 2024 पासून वरच्या श्रेणीत एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ ठेवायला परवानगी मिळाली. सगळ्याला मिळून वेळ 40 सेकंद. एका संघाच्या वाट्याला सामन्यात साधारण साठ-सत्तर प्रयत्न येतात, म्हणजे चूक काढायला साठ-सत्तर जागा. प्रत्येक चेंडूनंतर थांबणारा खेळ बघत वाढलेल्या क्रिकेटच्या प्रेक्षकाला यातली मौज लगेच कळेल: मधल्या रिकाम्या सेकंदांत प्रेक्षकही आपला डाव ठरवून मोकळा झालेला असतो. तो आणि प्रशिक्षकाचा डाव जुळला नाही, की वाद सुरू.

सगळ्यात जास्त वाद चौथ्या प्रयत्नावर होतात. तेव्हा पंट करून, म्हणजे लाथेने चेंडू लांब मारून, समोरच्याला मागे ढकलायचे, फील्ड गोल मारून, म्हणजे लाथेने चेंडू गोलखांबांमधून घालवून, तीन गुण घ्यायचे, की उरलेल्या यार्डांसाठी सगळे पणाला लावायचे, हे ठरवावे लागते. 1972 मध्ये अलाबामा 16-3 असा पुढे होता. ऑबर्नच्या बिल न्यूटनने अलाबामाचे दोन पंट अडवले, डेव्हिड लँगनरने दोन्ही वेळा चेंडू उचलून टचडाउन केला, म्हणजे तो समोरच्याच्या टोकाच्या रेषेपार नेऊन सहा गुण घेतले, आणि ऑबर्न 17-16 असा जिंकला. ‘पंट, बामा, पंट’ ही डिवचणी तेव्हापासून आहे.

तीस नोव्हेंबर 2013 : या एका सामन्यावर जितके बोलले गेले, तितके बहुधा दुसऱ्या कुठल्याच आयर्न बोलवर बोलले गेले नसेल. अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर, ऑबर्न चौथ्या. अलाबामाचा किकर केड फॉस्टर याचे आधीचे दोन फील्ड गोल हुकले होते. म्हणून शेवटच्या चतुर्थांशात 28-21 अशी आघाडी असताना, ऑबर्नच्या टोकाच्या रेषेपासून 13 यार्डांवरून, अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी सोपे तीन गुण नाकारले आणि चौथ्या प्रयत्नात एका यार्डासाठी चेंडू पळवला. ऑबर्नने तो अडवला. पुढे फॉस्टरची आणखी एक किक अडवली गेली. मग 32 सेकंद उरले असताना ऑबर्नच्या निक मार्शलने पळता पळता अचानक चेंडू फेकला, सॅमी कोट्सने तो झेलून टचडाउन केला आणि बरोबरी झाली. मार्शलने फेकण्याआधी ऑबर्नची आघाडीची फळी नियमापेक्षा पुढे गेली होती, हे अलाबामावाले आजही चित्र थांबवून दाखवतात.

अलाबामाने शेवटचा डाव पळवला, चेंडू ऑबर्नच्या 38 यार्डांवर सीमेबाहेर गेला आणि घड्याळ शून्यावर आले. सेबन यांनी हरकत घेतली, पंचांनी चित्रफीत तपासली आणि एक सेकंद परत दिला. त्या एका सेकंदात त्यांनी फॉस्टरऐवजी ॲडम ग्रिफिथ या नवख्या किकरला 57 यार्डांची किक मारायला पाठवले. ऑबर्नने क्रिस डेव्हिसला पार मागे, गोलखांबांखाली उभे केले होते. चेंडू कमी पडला. डेव्हिसने तो झेलला, जरा उजवीकडे आला, मग डाव्या कडेने सुटला. किक मारताना आघाडीला असतात ती भारदस्त, सावकाश पोरे. चेंडू अडवणाऱ्याला थोपवणे हे त्यांचे काम, धावणाऱ्याला मागून गाठणे हे नव्हे. डेव्हिसच्या वाटेत त्यांच्याशिवाय फारसे कोणी नव्हतेच. तो थेट टोकापर्यंत गेला. 34-28. ‘किक सिक्स’ हे नाव त्याला तिथून मिळाले.

यावरचे प्रश्न ठरलेले आहेत. तीन किक वाया गेल्यावर चौथी मारायचीच कशाला? लांब चेंडू उंच फेकून का पाहिला नाही? किक कमी पडली तर ती पळवता येते, हे ध्यानात घेऊन वेगवान खेळाडू मैदानात का नव्हते? लेखकाला वाटते, सेबन यांची खरी चूक किकमध्ये नव्हती, त्या 13 यार्डांवर होती. 20 यार्डांच्या आतल्या टप्प्यावरून मारायच्या किकचाही भरवसा उरला नसेल, तर तो प्रश्न शेवटच्या सेकंदाच्या फार आधी सोडवायला हवा होता.

इतर गाजलेले निर्णय : 2019 मध्ये ऑबर्न 48-45 असा पुढे असताना त्यांनी चौथ्या प्रयत्नाला आपला पंटर चक्क झेल घेणाऱ्याच्या जागी उभा केला. अलाबामाचा गोंधळ उडाला, मैदानात बारा माणसे राहिली, दंड झाला आणि ऑबर्नने वेळ काढून सामना घेतला. सेबन यांना ही चाल न्याय्य वाटली नाही. ऑबर्नमध्ये ती आजही कौतुकाने सांगतात. 2021 मध्ये पारडे फिरले. ऑबर्न 10-3 असा पुढे होता, जेमतेम पावणेदोन मिनिटे उरली होती, आणि धावपटू टँक बिग्सबी सीमेबाहेर गेला. घड्याळ थांबले. मैदानातच खाली बसला असता तर, हे वाक्य ऑबर्नमध्ये पुरे करावे लागत नाही. अलाबामाच्या ब्राइस यंगने 97 यार्डांची चढाई करून 24 सेकंद उरताना बरोबरी साधली आणि चौथ्या जादा डावात अलाबामा 24-22 असा जिंकला. 2023 चा घाव त्याहून खोल होता. अलाबामा 24-20 असा मागे, चौथा प्रयत्न, आणि टचडाउनला 31 यार्ड बाकी. ऑबर्नने चेंडू फेकणाऱ्या जेलन मिलरोवर फक्त दोन माणसे सोडली आणि बाकीची मागे ठेवली. मिलरोला निवांत वेळ मिळाला, त्याने कोपऱ्यात चेंडू टाकला, आयझाया बाँडने झेलला. 27-24. इतकी माणसे मागे असताना तो झेल सुटा कसा मिळाला, की दोनच पुढे पाठवली म्हणूनच मिळाला, यावर ऑबर्नचेच चाहते आपसांत भांडतात.

खेळाडू : इथे वादाची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. निर्णय घेणाऱ्या प्रशिक्षकाला लाखो डॉलर मिळतात. त्याला बोल लावणे हा चाहत्याचा हक्क आहे. मैदानातली मुले अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची असतात. 2013 च्या सामन्यानंतर फॉस्टरला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याला धीर देणारे हाताने लिहिलेले पत्र माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी पाठवले, यावरून प्रकरण किती हाताबाहेर गेले होते ते कळते. ज्यांनी धमक्या दिल्या त्यांना खेळ कळत नव्हता, असेच म्हणावे लागेल.

1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे विद्यापीठ बदलणेही सोपे झाले. त्याने चाहत्यांच्या बोलण्यात नवी खंत आली. 2023 चा तो झेल घेणारा बाँड, सेबन जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाल्यावर लगेच टेक्सस विद्यापीठाकडे गेला. आमचा म्हणून ज्याचा फोटो भिंतीवर लावावा, तो पुढच्या हंगामात कुणाचा असेल सांगता येत नाही. मुलांना त्यांच्या घामाचे पैसे मिळावेत हे योग्यच आहे, आणि ही खंतही खरी आहे.

प्रशिक्षक व पैसा : चाहत्यांची नाराजी वाऱ्यावर जात नाही. 2013 चा नायक ठरलेले ऑबर्नचे प्रशिक्षक गस मालझान यांना डिसेंबर 2020 मध्ये काढले, तेव्हा करारापोटी 2 कोटी 14 लाख डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी लागली. अलाबामात मोजमाप आणखी कडक आहे. ‘बेअर’ ब्रायंट यांनी 1958 ते 1982 या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, सेबन यांनी 2007 पासूनच्या 17 हंगामांत सहा; त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला या दोघांशेजारी उभे केले जाते.

टूमर्स कॉर्नर : निवेदक पॉल फाइनबॉम यांचा मूळचा बर्मिंगहॅममधला, रेडिओवरचा कार्यक्रम म्हणजे या वादाचा चावडीकट्टा. लोक फोन करतात, रडतात, भांडतात. जानेवारी 2011 मध्ये एकाने फोन करून सांगितले, की ऑबर्नमधल्या टूमर्स कॉर्नरच्या दोन ओक वृक्षांना आपण विष घातले. ऑबर्न जिंकला की या झाडांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकून ती पांढरीशुभ्र करायची, ही तिथली रीत. 2010 चा सामना अलाबामाने 24-0 अशा आघाडीनंतर 28-27 असा गमावला होता, आणि तो राग या माणसाने झाडांवर काढला. तपासात मातीत जबर तणनाशक सापडले. 2013 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. अलाबामाच्याच चाहत्यांनी झाडांसाठी निधी जमवला, पण झाडे वाचली नाहीत. एप्रिल 2013 मध्ये ती तोडावी लागली. त्या हंगामापुरत्या विद्यापीठाने चौकात खांब रोवून तारा ताणल्या. 30 नोव्हेंबरच्या रात्री, डेव्हिस टोकाला पोचल्यानंतर, लोक त्याच चौकात लोटले आणि ज्या जागी फांद्या होत्या तिथल्या तारांवर त्यांनी कागद फेकले.