घासलेली बादली आणि निर्जंतुक बादली
(घरी बियर व वाइन करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

पावसाळा लागला की दुकानात एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते. बियर आंबट झाली, नाताळासाठी घातलेल्या वाइनवर पापुद्रा धरला, बाटली उघडली आणि अर्धी बियर फेस होऊन वाहून गेली. बहुतेक जण यीस्टला दोष देतात, नाहीतर गोव्याच्या हवेला. उकाडा आणि दमटपणा बिघाडाला हातभार लावतात हे खरंच. पण मूळ शोधायला बसलो की ते बहुधा बियर आंबवायच्या बादलीत, नळीत किंवा तोटीत सापडतं.

आधी धुणं, मग सॅनिटायझर

ही दोन वेगळी कामं आहेत. मळावर ओतलेलं सॅनिटायझर वरच्या थरावरच राहतं, खालचे जंतू जिवंत राहतात. बियर बाटल्यांत भरून झाली की बादली लगेच पाण्याने भरून ठेवा. वरच्या कडेला यीस्ट आणि हॉप्सचं (बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचं) जे तपकिरी कडं असतं, ते ओलं असताना बोटाने निघतं. दुसऱ्या दिवशी वाळलं की घासावं लागतं, आणि घासणं म्हणजे चरे.

म्हणूनच काथ्या आणि तारेची घासणी या सामानाला लावू नका. पितळेच्या भांड्याला काथ्या शोभतो, प्लास्टिकला नाही. चार लीटर कोमट पाण्यात चमचाभर सोडियम परकार्बोनेट घाला, तासभर भिजत ठेवा, मऊ फडक्याने पुसा आणि दोनदा विसळा. सुवासिक साबण टाळा. त्याचा वास प्लास्टिकमध्ये मुरतो आणि उरलेल्या थरामुळे बियरवर फेस टिकत नाही. काचेच्या गार बरणीत एकदम कढत पाणी ओतू नका, ती तडकते.

धुऊन झालं की सॅनिटायझर. आमच्याकडे मिळणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लीटरला दीड मिली घ्या आणि भांड्याचा प्रत्येक भाग दोन मिनिटं ओला राहू द्या. फेस राहिला तर राहू दे, विसळू नका. गच्चीवरच्या टाकीतल्या किंवा विहिरीतल्या पाण्याने पुन्हा विसळलंत, तर मारलेले जंतू परत आणून सोडल्यासारखं होतं.

ब्लीचने काम होतं, पण ते आम्हाला आवडत नाही. त्याचा अंश उरला की बियरला दवाखान्यासारखा वास येतो, आणि स्टीलच्या भांड्याला ते खातं. वापरायचंच झालं तर नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने नीट विसळा. ब्लीच आणि आम्लाचं सॅनिटायझर, किंवा ब्लीच आणि व्हिनेगर, कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो विषारी आहे.

फेणीबद्दल

“थोडी फेणी फिरवली की झालं” असं अनेकजण सांगतात. फेणीत अल्कोहोल साधारण 42-43 टक्के असतं, हुर्राकात (काजूच्या पहिल्या, सौम्य दारूत) तर त्याहून कितीतरी कमी. जंतू भरवशाने मारायला ते 70 टक्क्यांच्या आसपास लागतं. फेणीने भांड्याला वास येतो, ते निर्जंतुक होत नाही. एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या नळीत) मात्र पाण्याऐवजी फेणी जरूर भरा. चार थेंब आत ओढले गेले तरी बिघडत नाही. एप्रिल-मेमध्ये ती पातळी उडून जाते, म्हणून दर दोन दिवसांनी बघा.

तोटी

आमच्या स्वतःच्या चाचणीच्या बादलीत लागोपाठ तीन वेळा बियर आंबली. यीस्ट बदललं, बादली बदलली, नळी बदलली. फक्त तोटी तीच नव्या बादलीला लावली होती. शेवटी ती सुटी केली, तर आतल्या फिरत्या भागामागे राखाडी, बुळबुळीत थर होता. सॅनिटायझर तोटीतून वाहत होतं, पण त्या फटीत कधी शिरलंच नव्हतं. तेव्हापासून सांगतो: प्रत्येक खेपेनंतर तोटी पूर्ण सुटी करा, वॉशर काढा, झाकणातली रबरी रिंगही काढा. स्टीलचे सुटे भाग आणि सिलिकॉनची नळी घरच्या प्रेशर कुकरमध्ये 15 मिनिटं वाफवता येते. बादली आणि साध्या प्लास्टिकच्या वस्तू मात्र कुकरला चालत नाहीत.

कधी टाकून द्यायचं

धुऊन वाळवलेल्या बादलीच्या आत कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथे चरा आहे, आणि चऱ्यात जंतू स्वतःभोवती चिकट थर बांधून राहतात. त्यावर कुठलंही द्रव भरवशाचं नाही. झाकण लावून एक दिवस ठेवा आणि हुंगा. आंबट वास आला तर तिला बियरच्या कामातून निवृत्त करा. बादली फेकायची गरज नाही, बागेला उपयोगी पडते. पारदर्शक प्लास्टिकची नळी दुधाळ झाली की बदला. आम्ही स्वतः नळ्या आणि वॉशर दर सहा महिन्यांनी बदलतो, कारण ते स्वस्त आहेत आणि वाया गेलेली वीस लीटर बियर स्वस्त नाही. स्टील आणि काच नीट जपली तर वर्षानुवर्षं चालते. शक्य असेल त्यांनी तिकडेच वळावं, आमची बादली कमी खपली तरी.

माडाचं व्हिनेगर करणाऱ्या घरांनी

सूर (माडाची ताडी) आंबून तिचं व्हिनेगर होतं ते ज्या जिवाणूंमुळे, तेच तुमच्या वाइनचंही व्हिनेगर करतात. चिलटं त्यांना पायावर घेऊन फिरतात, आणि काजूच्या बोंडूंच्या हंगामात चिलटांना तोटा नसतो. व्हिनेगरची बरणी दुसऱ्या खोलीत ठेवा, तिचं फनेल, नळी, गाळणी वेगळी ठेवा. या जिवाणूंना हवा लागते, म्हणून वाइनची बरणी गळ्यापर्यंत भरलेली बरी.

बिघाड झालाच तर

आंबलेली बियर सहसा आजारी पाडत नाही, पण केसाळ बुरशी दिसली तर सगळं ओतून द्या. एक बाटली उसळली तर त्या खेपेतल्या बाकीच्या बाटल्या फुटू शकतात. त्या लगेच फ्रीजमध्ये ठेवा, गार झाल्यावर जाड फडक्यात धरून, चेहरा लांब ठेवून उघडा. मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका.

पावसाळ्यात बादली झाकण लावून ठेवू नका. पूर्ण वाळवा आणि उपडी, खालून हवा खेळेल अशी ठेवा. पुढच्या खेपेला ती स्वच्छ दिसली तरी सॅनिटायझर पुन्हा लावायचं.

तोटी घट्ट बसली असेल आणि उघडत नसेल, तर जोर लावून तोडू नका. दुकानात घेऊन या, उघडून आतून दाखवू. त्याचे पैसे घेत नाही.