रक्त कमी : लोहाचं की बी-१२चं?

आत्याचं हिमोग्लोबिन ९.२ आलं, तेव्हा आपल्याकडे घरोघरी जे होतं ते सगळं आमच्या घरीही झालं. कोशिंबिरीत बीट आलं, डाळिंबं आली, रोज चार खजूर, संध्याकाळी गूळ-शेंगदाणे आणि औषधाच्या दुकानातून लोहाच्या टॉनिकची बाटली. असे आठ महिने गेले. हिमोग्लोबिन साडेनऊच्या वर सरकलं नाही. मधल्या काळात ती सांगायची, तळपायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं, चप्पल निसटली तरी कळत नाही. आम्ही ते वयावर ढकललं. पहिल्याच रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या खाली तीन-चार ओळींवर ‘एमसीव्ही १०८’ असं छापलेलं होतं. ते कुणी वाचलंच नव्हतं. तिला लोह कमी पडत नव्हतं, बी-१२ कमी पडत होतं.

‘अंगात रक्त कमी आहे’ हे वाक्य दोन्ही आजारांना लागू पडतं आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. हिमोग्लोबिन बाईमध्ये १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली आणि पुरुषात १३ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. पण तो आकडा रक्त कमी आहे एवढंच सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही.

कारण समजून घ्यायला स्वयंपाकघरात डोकावलं तरी चालेल. लोह हा हिमोग्लोबिनचा कच्चा माल, म्हणजे भाकरीचं पीठ. पीठ अपुरं असलं की भाकऱ्या होतात, पण लहान आणि पातळ. तशा लोहाअभावी तांबड्या पेशी लहान आणि फिकट निघतात. बी-१२चं काम वेगळं आहे. पेशीचं विभाजन व्हायला डीएनए तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी बी-१२ लागतं. ते नसेल तर पीठ परातीत भरपूर आहे, पण उंडे तोडणारा हातच नाही अशी गत होते. अस्थिमज्जेतली (हाडांच्या आत रक्त तयार होतं तिथली) पेशी वाढत राहते, वेळेवर दुभंगत नाही. थोड्याच पेशी बाहेर पडतात आणि त्या आकाराने मोठ्या असतात. बऱ्याच तर आतच मरतात.

एमसीव्ही म्हणजे या पेशींचा सरासरी आकार. तो साधारण ८० ते १०० असावा. ८० च्या खाली असेल तर आधी लोहाचा संशय घ्यावा (थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही तो कमी असतो, आणि तिथे उगाच लोह देत राहणं चुकीचं). १०० च्या वर गेला तर बी-१२ किंवा फोलिक अॅसिड (हेही ब गटातलंच जीवनसत्त्व) कमी आहे का याचा विचार करावा. पण आपल्या शाकाहारी घरांत दोन्ही एकदम कमी असणं मुळीच दुर्मीळ नाही. मग काही पेशी लहान, काही मोठ्या आणि सरासरी अगदी सरळ ८८! अशा वेळी आरडीडब्ल्यू हा आकडा पाहायचा. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते तो सांगतो आणि अशा मिश्र रक्तक्षयात तो बहुधा वाढलेला असतो. पक्कं करायचं तर लोहासाठी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) आणि बी-१२साठी त्याची रक्तातली पातळी तपासतात. ही तपासणी इंजेक्शन घेण्याआधी करावी, नंतरचा आकडा फसवा येतो.

थकवा, धाप आणि चेहऱ्याचा फिकेपणा दोन्हीत सारखेच. फरक इतर खुणांत दिसतो. लोह कमी असलेल्या बाईला माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटतो. त्याबद्दल ती बहुतेक वेळा लाजून बोलत नाही, म्हणून विचारावं लागतं. नखं ठिसूळ होतात, कधी चमच्यासारखी खोलगट. बी-१२ कमी असलं तर हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, अंधारात तोल जातो, विसराळूपणा वाढतो. जीभ लाल, गुळगुळीत होऊन झोंबते. बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते. मज्जातंतूंवरचं आवरण नीट राखायला बी-१२ लागतं, लोहाच्या कमतरतेत मज्जातंतूंना अशी इजा होत नाही. आणि हा त्रास हिमोग्लोबिन चांगलं असतानाही सुरू होऊ शकतो.

आता ताटाकडे वळू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं. बी-१२ मात्र दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे बाईला लागणाऱ्या लोहाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. लोह पालेभाज्या, कडधान्यं, अळीव यांत असतं, पण वनस्पतींमधलं लोह शरीर फार थोडं उचलतं. मटकीला मोड आणले आणि वर लिंबू पिळलं की ते वाढतं. जेवणावर लगेच चहा घेतला की घटतं. बीटचा लाल रंग लोहाचा नाही. शंभर ग्रॅम बीटमध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं.

बी-१२ कोणत्याच भाजीत, डाळीत किंवा फळात भरवशाचं मिळत नाही. ते फक्त जिवाणू तयार करतात. गाय-म्हशीच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते दुधात उतरतं. पेलाभर दुधात एक मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, एका अंड्यात साधारण अर्धा. एका बांगड्यात मात्र दिवसाची गरज सहज भागते. ‘आमच्याकडे रोज दूध येतं’ असं सांगणाऱ्या घरातलं दूध बहुतेक चहात जातं, आणि घरातल्या बाईच्या वाट्याला दिवसभरात पाव पेलाही येत नाही. शिवाय मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ नीट शोषलं जात नाही. आत्या दोन्ही घेत होती. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून आज झालेला बदल आज दिसत नाही. लोहाचं तसं नाही. ते पाळीत, बाळंतपणात, मूळव्याधीत, अंकुशकृमींमुळे रक्तावाटे जातं. म्हणूनच पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर गोळी देऊन थांबू नये, रक्त कुठून जातंय ते शोधलंच पाहिजे.

या गोष्टीत तिसरं पात्र आहे आणि त्याची ओळख मुंबईतच पटली. १९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर गरोदर बायकांमधल्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचं काम चाले. या बायकांच्या पेशी मोठ्या होत्या, पण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या रक्तक्षयावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क त्यांना लागू पडेना. यीस्टचा अर्क दिल्यावर मात्र त्या सुधारल्या. त्यातला घटक पुढे फोलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. बी-१२ आणि फोलिक अॅसिड या दोघांच्या अभावात रक्त सारखंच दिसतं. त्यामुळे बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक अॅसिड दिलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो आणि मज्जातंतूंची हानी मागे चालूच राहते. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत लोह आणि फोलिक अॅसिड असतं, बी-१२ नसतं. ती गोळी गरोदरपणात अत्यंत गरजेची आहे, ती बंद करू नका. पण पुण्याजवळच्या गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. म्हणून मुंग्या, बधिरपणा असेल तर डॉक्टरांना सांगा आणि बी-१२ तपासायला हवं का ते विचारा.

लोहाची गोळी घेताना शौचाला काळं होतं, घाबरू नये. हिमोग्लोबिन भरल्यावरही साधारण तीन महिने ती चालू ठेवावी लागते, कारण साठा भरायचा असतो. बी-१२चा परिणाम फार लवकर दिसतो. इंजेक्शनं सुरू झाल्यावर दोन महिन्यांत आत्याचं हिमोग्लोबिन १२ झालं. जीभ झोंबायची थांबली, पायऱ्या चढताना धाप लागेनाशी झाली. पण मज्जातंतू सावकाश भरून येतात आणि उशीर झाला असेल तर पूर्ण येतीलच असं नाही. तिच्या तळपायांखालचा कापूस थोडा पातळ झालाय, गेलेला नाही. अजूनही ती चप्पल खाली बघूनच घालते.